बुरुजामागचा खड्डा

जुन्या तोफा-बंदुकांचा माझा अभ्यास आहे म्हटलं की नेमबाजीचा नाद असलेली पोरं हमखास विचारतात: अमेरिकेत लोक घराच्या एखाद्या कोपऱ्यात टेबल मांडून झाडलेली काडतुसं पुन्हा भरतात, आपल्याकडे फ्लॅटमध्ये जमेल का? कायद्याचं उत्तर छोटं आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 5 परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे बारूद घरात येण्याआधी नुसतं यंत्र बसवलं तरी गुन्हा.

जागेच्या प्रश्नाला मात्र मी बीदरचं उत्तर देतो.

1657 च्या मार्चमध्ये औरंगजेबाने बीदरला वेढा घातला. आदिलशाहीचा किल्लेदार सिद्दी मर्जान जिद्दीने लढत होता. खडक फोडून केलेला तिहेरी खंदक, वर बुरूज. तोफांनी बुरूज खिळखिळे झाले, तेव्हा चढून येणाऱ्यांवर टाकायला हाताशी असावं म्हणून त्याने बुरुजामागेच मोठा खड्डा खणून बारूद, अग्निबाण आणि हातगोळे भरून ठेवले. हल्ल्याच्या दिवशी मोगलांच्या एका अग्निबाणाची ठिणगी नेमकी त्यात पडली. मर्जान, त्याची दोन मुलं, भोवतालची माणसं होरपळली. मर्जान पुढे त्यातच गेला. सत्तावीस दिवसांत किल्ला पडला आणि 230 तोफा मोगलांच्या हाती लागल्या. इतक्या तोफा असलेला किल्ला एका खड्ड्याने घालवला, असं म्हणणं थोडं अतिशयोक्त होईल, पण फार नाही.

मर्जानला मूर्ख म्हणवत नाही. लढाईत हाताशी नसलेली बारूद असून नसल्यासारखी. पण उघड्यावर चिमूटभर बारूद पेटली तर भुस्सकन जळून जाते. तीच ढिगाने, कोंडून ठेवली की एका ठिणगीला सगळी एकदम उडते. म्हणून परदेशातले शहाणे हौशी टेबल केवढं हे नंतर बघतात. टेबलावर एका वेळी एकाच जातीची बारूद, तीही कामापुरती. बाकीची तिच्या मूळ डब्यात, दूर. जागा लहान असेल तर साठा त्याहून लहान.

मोगलांना तरी हे कळायला हवं होतं. त्यांनी बीदरमधल्याच, बहामनी वजीर महमूद गावानच्या 1472 च्या मदरशात बारूद साठवली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ती उडाली. कोणी वीज पडल्याचं सांगतात. दर्शनी बाजूचा दक्षिणेकडचा भाग मनोऱ्यासकट कोसळला. उत्तरेकडचा मनोरा रंगीत फरशांसह अजून उभा आहे. विजेला दोष द्यायला माझी हरकत नाही. पण वर्ग आणि ग्रंथालयासाठी बांधलेल्या खोल्यांत बारूद नेऊन ठेवण्याचा हुकूम विजेने दिला नव्हता. नेमबाजीवाली पोरं बीदरला आली की आधी त्या मोकळ्या बाजूचे फोटो काढतात, मग फ्लॅटचं विचारतात. मी त्यांना रायफल क्लबचा पत्ता देतो.