टर्बो सर्वांत शेवटी

भोसरीतल्या त्या शेडमध्ये टर्बो खोक्यातून बाहेर निघाला तो सगळ्यांत शेवटी. तोवर खोके रॅकवर पडून होते आणि माझा मित्र येता-जाता झाकण उघडून आतले पाते बोटाने फिरवून पाहायचा. इंजिन बांधणारे मामा लेथवरून मान न वळवता म्हणायचे, "ठेव रे ते. आधी खालचं इंजिन होऊ दे."

गाडी मित्राची, जुनी जिप्सी किंग, मातीतल्या ऑटोक्रॉससाठी घेतलेली. मी नुसता सोबतीला, पण मामांचे काम पाहायची गोडी लागली आणि मीही तिथला झालो. इंजिन 1298 सीसीचे, चार सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह, कंपनीच्या आकड्यानुसार 80 अश्वशक्तीचे. मित्राचा युक्तिवाद सरळ होता: मारुतीने 2017 साली बलेनो आरएसमध्ये 998 सीसीच्या तीन सिलिंडरांतून टर्बोच्या जोरावर शंभरच्या आसपास अश्वशक्ती काढली, मग आपल्या तेराशेने काय घोडे मारले? मामांनी तो ऐकून घेतला. "ते इंजिन कागदावर काढलं तेव्हाच टर्बो धरून काढलं होतं," एवढेच म्हणाले आणि हेड उतरवायला घेतले.

त्यांनी मग फळ्यावर खडूने हिशेब मांडला. पूर्ण जोरात चाललेल्या साध्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी 60 बारच्या घरात दाब होतो. 74 मिलीमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचा भार सुमारे 2600 किलो. जिप्सी स्वतः टनभराची, म्हणजे एका पिस्टनवर अडीच जिप्सी. टर्बोने हाच दाब 90 बारपर्यंत गेला की भार चार टनांना टेकतो, आणि 6000 फेऱ्यांना हे प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 3000 वेळा घडते.

पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा. टर्बो हवा आधीच दाबून देतो. तिला आत पुन्हा तेवढेच दाबले तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप पेटते आणि इंजिन खटखटू लागते. त्या नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. एका गॅरेजवाल्याने मित्राला स्वस्त उपाय सांगितला होता: जाड हेड गास्केट टाका, कॉम्प्रेशन आपोआप उतरेल. मामांना तो अजिबात पटला नाही. पिस्टन वर येताना कडेची हवा मध्याकडे पिळली जाते, त्या घुसळणीने ज्वलन लवकर उरकते. जाड गास्केटने कडेची फट वाढते, घुसळण मंदावते, म्हणजे ज्या नॉकिंगसाठी गास्केट टाकले त्यालाच निमंत्रण. माझ्या मते त्या शेडमध्ये ऐकलेले सगळ्यांत मोलाचे वाक्य हेच.

म्हणून पिस्टन बदलायचे ठरले, माथ्यावर खोलगट वाटी असलेले, फोर्ज्ड. त्यासाठी आधी हेडमधली जागा मोजायची. मामांनी हेड उलटे ठेवले, कंबशन चेंबरवर ग्रीस लावून ॲक्रिलिकची भोक पाडलेली काच बसवली आणि ब्युरेटने त्यात रंगीत पातळ तेल सोडले. हे त्यांनी चारही चेंबरना केले, कारण चारही सारखे असतातच असे नाही. एका सिलिंडरची क्षमता 325 सीसी. कॉम्प्रेशन साडेनऊवरून साडेआठवर आणायचे तर वरची जागा 38 सीसीवरून 43 सीसी हवी. फरक पाच सीसीचा, चहाच्या चमच्याएवढा. त्या चमच्याभर जागेसाठी पिस्टनचा सगळा खर्च.

कनेक्टिंग रॉडही फोर्ज्ड आले. रॉडबद्दल माझा समज मात्र उलटाच निघाला. टर्बोचा दाब रॉडला वरून चेपतो, फार झाला तर वाकवतो. रॉडचे बोल्ट तुटतात ते बहुधा ओढीने. एक्झॉस्टच्या स्ट्रोकला पिस्टन वर पोचून माघारी फिरतो, तेव्हा त्याला अडवायला वर दाब नसतो आणि सगळी ओढ बोल्टांवर येते. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मामांनी फेऱ्यांची मर्यादा कंपनीचीच ठेवायला लावली. बोल्ट आवळताना टॉर्क पान्यावर न विसंबता ते मायक्रोमीटरने प्रत्येक बोल्ट किती ताणला हे पाहत.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, म्हणून होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट तेवढ्याच जोराने आवळली होती. मित्र मध्येच बीएमडब्ल्यूच्या फॉर्म्युला वन इंजिनाचा दाखला द्यायचा: दीड लिटरचे, चार सिलिंडरांचे, रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकवर बांधलेले, ज्याच्या बळावर नेल्सन पिके 1983 चा जगज्जेता झाला. खरे आहे. पण तो ब्लॉक बिडाचा होता आणि ती इंजिने वारंवार खोलली जात.

रिंगांच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहून कानशीने वाढवावी लागली. साध्या इंजिनाला 0.30 मिलीमीटर पुरते, टर्बोला 0.45 च्या आसपास लागते. कमी ठेवली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि पिस्टनची कड घेऊन जाते. हे काम इतके कंटाळवाणे की मी बाहेर चहाला गेलो.

टर्बो अखेर बसला तेव्हा खरी डोकेदुखी निघाली तेलाची. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल दाबाने आत जाते, पण परत येते फक्त उताराने. त्यामुळे परतीची नळी जाड, सरळ आणि सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवी. जिप्सीच्या अडचणीच्या जागेत अशी वाट काढायला सम्प पुन्हा उतरवून वेल्डिंग करावे लागले.

उरली उष्णता. 30 अंशांची हवा अर्धा बार दाबली की 80 अंशांच्या पुढे जाते, म्हणून पुढे इंटरकूलर. पेट्रोल 100 ऑक्टेनचे. इंडियन ऑईलने ते 2020 च्या डिसेंबरात आणले तेव्हाच्या पहिल्या शहरांत पुणे होते. अमेरिकेत 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने सव्वादहाचे कॉम्प्रेशन तसेच ठेवून नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायला विसरत, आणि पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून टाकण्यात आले. ही गोष्ट निघाली तेव्हा मामांनी मित्राकडे पाहिले आणि डायनोवर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, अर्ध्या बारला बांधून टाकला.

इंजिनात असा बदल करून गाडी रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, त्यामुळे ही जिप्सी मैदानापर्यंत ट्रकवरूनच जाते. इंजिन अजून तक्रार करत नाही. आता घसरतो आहे तो क्लच, आणि मामांनी गिअरबॉक्सही खोलायला सांगितला आहे.