भाडेकरूचा फोन

पीएचडीसाठी ॲन आर्बरला आलो, तेव्हा इथल्या जुन्या मराठी मुलांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मोठ्या कंपनीचं सिमकार्ड घेऊ नकोस, उगाच पैसे जातात." स्टायपेंडवर जगणाऱ्याला ते लगेच पटलं.

मी जिचं कार्ड घेतलं, त्या कंपनीचा स्वतःचा एकही टॉवर नव्हता. मोठ्या कंपनीकडून मिनिटं आणि डेटा घाऊक भावात घ्यायचा आणि आपल्या नावाने किरकोळीत विकायचा, असा हा धंदा. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाईलने १९९९ साली वन-टू-वनच्या जाळ्यावर असाच जम बसवला. आपल्याकडे २०१६ पासून सरकार यासाठी वेगळा परवाना देतं. टॉवर तोच, रेंज तीच, पैसे निम्मे. मी खूश होतो!

२०१८ च्या ऑक्टोबरमधला एक शनिवार. रूममेटबरोबर फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. इथल्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात. तेवढ्यात आईचा व्हॉट्सॲपवर फोन. पुण्यात रात्रीचे साडेअकरा. "बाबांना ॲडमिट केलंय. अँजिओप्लास्टी लगेच करायची म्हणतात. सही करू ना रे?"

मी "कर, कर" म्हणून ओरडत होतो. तिकडे काहीच पोचत नव्हतं. फोनवर रेंजचे सगळे दांडे दिसत होते. शेजारी रूममेट त्याच टॉवरवरून मॅचचे व्हिडिओ घरी पाठवत होता. त्याचं कार्ड मोठ्या कंपनीचं.

जाळ्यात प्रत्येक जोडणीला प्राधान्याचा क्रमांक असतो. एरवी तो जाणवतही नाही. गर्दी झाली की मात्र माझ्यासारख्या स्वस्त कार्डवाल्यांचा डेटा मागे ढकलला जातो. वाड्यात नळाला पाणी कमी आलं की आधी मालकाच्या घागरी भरतात, तसंच. हे करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी इंजिनियर असून वाचलं नव्हतं.

शेवटी रूममेटच्या फोनवरून लावला. तोवर आईने एकटीनेच सही केली होती.

बाबा आता ठणठणीत आहेत. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा मोठ्या कंपनीचं कार्ड घेतलं. "फोनला एवढे पैसे कशाला रे घालवतोस?" असं आई अजून विचारते. मी विषय बदलतो.