एका थेंबाचा हिशेबनीस

नाव घेताना जीभ अडखळते: कोलिनेस्टेरेज मीटर. साखर तपासायच्या यंत्राचा हा चुलत भाऊ, अंगाने जरा थोराड. बॅटरीवर चालतो, पेटीत घालून कुठेही नेता येतो. बोटाला टोचून घेतलेलं 10 मायक्रोलिटर रक्त, म्हणजे थेंबाचाही लहानसा हिस्सा, त्याला पुरतं. चारेक मिनिटांत आकडा दाखवतो आणि गप्प होतो.

त्याला कळतं ते एकाच विकराबद्दल, कोलिनेस्टेरेजबद्दल. मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसून टाकणं हे त्या विकराचं काम. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं त्याचेच हात बांधतात. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. तेच विकर तांबड्या पेशींवरही असतं, म्हणून बोटाच्या रक्तावर भागतं. एलमन यांनी 1961 मध्ये दाखवलेल्या रीतीने नळीत पिवळा रंग उमटतो. रंग जितक्या वेगाने चढेल तितकं विकर कामाचं. रक्त फिकट असेल तर गडी हिमोग्लोबिन मोजून आकडा दुरुस्त करून घेतो, उगाच कुणाला आजारी ठरवत नाही.

सोवळं मात्र कडक. बोटावर औषधाचा अंश राहिला असेल तर तोच रक्तात मिसळतो आणि आकडा खोटा खाली जातो. आधी साबणाने हात धुवा, मग माझ्याकडे या, असा त्याचा खाक्या. कार्बामेट जातीच्या विषाची बाधा विकरावरून लवकर उतरते. रक्त दूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पुरावाच निघून जायचा. पेटीत मावण्याचा खरा उपयोग इथे आहे.

2017 मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने आजारी पडले, विसाच्या आसपास जण गेले. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेव्हा कोलिनेस्टेरेजची तपासणी होत नव्हती. दुसरीकडे कीटकनाशक नियमावली 1971 ची. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट हाताळणाऱ्या माणसाचं हे विकर दरमहा मोजावं, असं तिच्यात लिहिलेलं आहे. नियम केव्हाचा आहे आणि यंत्र कुठे आहे, हे ज्याचं त्याने पाहावं.

आता हा बदलापूरच्या कारखानी पट्ट्यात, कुळगावच्या एखाद्या दवाखान्यात बसला आहे अशी कल्पना करू. पहिल्याच घाण वासाच्या रात्री लोक येतील आणि म्हणतील, “डॉक्टर, रक्त बघा, कुठला वायू होता ते कळू दे.” जून 2021 मध्ये बदलापूर एमआयडीसीतून वायू सुटला तेव्हा डोळे चुरचुरत होते, श्वास लागत होता. त्याआधी 2014 च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रासायनिक सांडपाणी ओतलं आणि काठचे शेकडो लोक रुग्णालयात पोचले. तो हायड्रोजन सल्फाइड होता. ते विष पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. या विकराशी त्याचं भांडण नाही. त्या रात्री आपल्या गृहस्थाने बहुतेकांना ‘ठीक’ म्हटलं असतं. ते खोटं नसतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नसतं. मला भीती त्या ‘ठीक’च्या कागदाची वाटते. असा कागद कोण कुठे दाखवील याचा नेम नाही.

दुसरी अडचण त्याच्या स्वभावातलीच. पहिल्या भेटीत तो फारसं काही सांगू शकत नाही. विकराची पातळी माणसागणिक इतकी निराळी असते की एकाचा धडधाकट आकडा दुसऱ्याची बाधा ठरावी. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी, तब्येत उत्तम असताना त्याची गाठ घ्यावी लागते. तो पहिला आकडा हाती असला तरच पुढच्याला अर्थ. कॅलिफोर्नियात फवारणी करणाऱ्यांबाबत असाच नियम आहे: तांबड्या पेशींतलं विकर मूळ आकड्याच्या 70 टक्क्यांपर्यंत उतरलं की माणूस त्या कामावरून दूर, 80 टक्क्यांवर आला की परत.

आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात ठेकेदाराचा कामगार आज या गेटवर, चार महिन्यांनी त्या. त्याचा पहिला आकडा कुणाच्या वहीत राहणार? शिवाय एकदा विष पक्कं बसलं की तांबड्या पेशींतलं विकर नव्या पेशी येतील तसंच भरून निघतं, दिवसाला साधारण एक टक्का. म्हणजे 70 वरून 80 वर यायला दहा दिवस सहज लागतात. त्या दिवसांची हजेरी कुणी भरणार नसेल तर कामगार साबणाने हात धुवून येईलही, पण बोट पुढे करणार नाही.