विमानाआधीची दिल्ली

भंडाऱ्याच्या माणसाला दिल्लीची गाडी पकडायची तर वरठीला भंडारा रोड स्टेशनावर जावं लागतं, नाहीतर सरळ नागपूर गाठावं लागतं. एप्रिलच्या सुरुवातीला या गाडीत कधीकधी एखादे सर किंवा मॅडम दिसतात. बाहेर ऊन रणरणत असतं आणि त्यांच्या मांडीवर मात्र लोकरीचा कोट घडी घालून ठेवलेला असतो. बॅगेत चिवड्याची पुडी, विद्यार्थ्यांनी रंगवलेले तक्ते, संघटनेची माहितीपत्रकं आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं एक आमंत्रणपत्र. हे इंग्रजीचे शिक्षक असतात, आणि निघालेले असतात विलायतेला, तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेला.

या परिषदांमधली मोठी परिषद 'आयटेफल' या संस्थेची. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची ही संघटना १९६७ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद दरवर्षी वेगळ्या गावी भरते. २०१९ ला लिव्हरपूल, २०२३ ला हॅरोगेट, २०२४ ला ब्रायटन, २०२५ ला एडिंबरा. देशोदेशीच्या शिक्षक संघटना तिच्याशी जोडलेल्या आहेत. मुख्य परिषदेच्या आदल्या दिवशी या सहयोगी संघटनांच्या प्रतिनिधींची वेगळी बैठक असते. आपल्याकडे शिक्षक काय करतात, काय अडतं, वर्गणी कशी जमते, असं प्रत्येकानं तिथे सांगायचं. म्हणजे प्रतिनिधी एकटा जात नाही. त्याच्या पाठीशी गावोगावचे सहकारी असतात. परत आल्यावर हिशेब त्यांनाच द्यायचा असतो, पैशाचाही आणि शिकून आणलेल्या गोष्टींचाही.

पैशाचा हिशेब सोपा नसतो. संघटनांचा आपसात रिवाज साधारण असा, की यजमानांनी परिषदेचं शुल्क माफ करायचं, जमलं तर राहायची सोय करायची, आणि विमानाचं तिकीट पाहुण्यानं बघायचं. ते कुठून येतं? कुणाला शिष्यवृत्ती मिळते, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढतो, कुणाच्या घरी 'यंदा फ्लॅटला रंग नको' असं ठरतं. शिष्यवृत्त्यांपैकी एकीची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपल्या घराघरांत जी ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी असते, ती मुळात ए. एस. हॉर्नबी या शिक्षकानं जपानमध्ये शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केली. तिची पहिली आवृत्ती १९४२ मध्ये जपानातच निघाली. तिच्या मानधनातून त्यानं १९६१ मध्ये विश्वस्त निधी उभारला. गरीब देशांतल्या इंग्रजी शिक्षकांना तो आजही मदत करतो. म्हणजे दहावीच्या पोरानं वडिलांकडे हट्ट करून घेतलेल्या त्या पुस्तकाचे दोन पैसे फिरून कुठल्यातरी गुरुजींच्या तिकिटात पडतात!

शिवाय रजा, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. हे सगळं पार पडलं की मग दिल्ली. बहुतेकांच्या हाती गाडी आणि विमान यांच्यामध्ये एखादा दिवस असतो. तो करोलबागेत स्वेटर शोधण्यात जातो, आणि एप्रिलमध्ये दिल्लीचे दुकानदार स्वेटर माळ्यावर टाकून मोकळे झालेले असतात. त्यापेक्षा इंग्रजीच्या शिक्षकानं तो दिवस काश्मिरी गेटला घालवावा. ज्या भाषेच्या नावानं हा सगळा खटाटोप चालला आहे, ती दिल्लीत कशी आली, हे तिथे पायी फिरून बघता येतं. आणि या गोष्टीत मराठी माणूस अगदी पहिल्या पानापासून आहे.

पहिलं पान मात्र यमुनेच्या पलीकडे, आजच्या नोएडात उघडतं. तिथल्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक दगडी स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या या परिसरात जनरल लेकची इंग्रज फौज आणि दौलतराव शिंद्यांची फौज यांची लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूनं सेनापती फ्रेंच होता. शिंदे हरले. काही दिवसांतच लेक नदी ओलांडून दिल्लीत शिरला आणि आंधळ्या, वृद्ध शाहआलम बादशहाला भेटला. तोवर बादशहा मराठ्यांच्या छत्राखाली होता, आता कंपनीच्या छत्राखाली गेला. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घातला, पण शहर हाती आलं नाही. पानिपत आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पटपडगंज फारसं कुणाला आठवत नाही. खरं तर दिल्लीची भाषा बदलली ती या दुसऱ्या लढाईनं.

आता काश्मिरी गेट. मेट्रोच्या तीन मार्गिका इथे एकत्र येतात, त्यामुळे गर्दी विचारू नका. बसस्थानकाच्या बाजूनं बाहेर पडलं की रिक्षावाले 'कहाँ जाना है, भैयाजी' करत गराडा घालतात. कुठेही जायचं नाही, इथेच यायचं होतं, असं सांगून चालू लागावं. जुन्या शहराच्या तटातला दुहेरी कमानीचा दरवाजा अजून उभा आहे. त्याच्या अंगावर १८५७ च्या सप्टेंबरातल्या तोफगोळ्यांचे व्रण आहेत. आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर पिवळट रंगाचं, घुमटाचं सेंट जेम्स चर्च लागतं. ते बांधणारा जेम्स स्किनर हा अर्धा स्कॉटिश, अर्धा राजपूत. तरुणपणी तो शिंद्यांच्या चाकरीत होता. १८०३ चं युद्ध सुरू झाल्यावर ती चाकरी सुटली आणि तो इंग्रजांकडे गेला. हे चर्च १८३६ साली पुरं झालं. स्किनरनं आपल्या आठवणी लिहिल्या त्या इंग्रजीत नव्हे, फारसीत! त्या काळच्या दिल्लीत सुशिक्षित माणसाची भाषा कोणती होती, हे यावरून कळतं.

चर्चपासून जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं, दिल्ली सरकारचं विद्यापीठ आहे. त्याच्या आवारात एक विचित्र इमारत दिसते. समोरून पाहावं तर उंच पांढऱ्या खांबांचा युरोपी व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या आत लाल दगडाच्या मोगली कमानी. हे शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याचं ग्रंथालय. काशीच्या पंडितांना हाताशी घेऊन दाराने १६५७ मध्ये दिल्लीत उपनिषदांचं फारसी भाषांतर पुरं केलं. दोन वर्षांनी औरंगजेबानं त्याला मारलं. त्याचं भाषांतर मात्र जगलं. एका फ्रेंच विद्वानानं ते लॅटिनमध्ये नेलं आणि तिथून ते जर्मन तत्त्वज्ञांच्या टेबलावर पोचलं.

१८०३ नंतर या ग्रंथालयात कंपनीचा पहिला रेसिडेंट ऑक्टरलोनी राहायला आला. खांबांचा मुखवटा इंग्रजी अमदानीतला. पुढे १८४० च्या दशकात इथे दिल्ली कॉलेज आलं. हे कॉलेज १८२५ मध्ये अजमेरी गेटजवळच्या गाजिउद्दीनच्या मदरशात सुरू झालं होतं, आणि १८२८ मध्ये तिथे इंग्रजीचा वर्ग उघडला. मेकॉलेचा तो प्रसिद्ध खलिता यायला अजून सात वर्षं होती.

शिक्षकानं इथे जरा थांबावं, कारण पुढची गोष्ट त्याच्या कामाची आहे. दिल्ली कॉलेजात इंग्रजीचा वर्ग होता, पण गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवत. त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची भाषांतरं करणारी मंडळी कॉलेजातच कामाला लागली होती. त्यांतले मास्टर रामचंद्र हे गणिताचे शिक्षक. त्यांचं गणितावरचं पुस्तक १८५० मध्ये निघालं, आणि डी मॉर्गन या नामांकित इंग्रज गणितज्ञाला ते इतकं आवडलं, की १८५९ मध्ये त्यानं ते लंडनहून पुन्हा छापवलं. म्हणजे शिकवायचं आपल्या भाषेत, इंग्रजी शिकायची ती जगाशी बोलण्यासाठी, हा मार्ग दिल्लीत एकदा चालून पाहिला होता आणि तो चालत होता. आज 'इंग्रजी माध्यम की मराठी माध्यम' या वादात घरोघरी नवराबायकोत अबोला होतो, त्यांनी ही इमारत बघायला हवी.

१८५७ च्या मे महिन्यात हे सगळं उधळलं गेलं. प्राचार्य टेलर मारले गेले, कॉलेजचं ग्रंथालय लुटलं गेलं. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडलं आणि १८७७ मध्ये बंद पडलं. अजमेरी गेटच्या त्या मदरशात आज अँग्लो-अरेबिक शाळा भरते, आणि झाकिर हुसेन दिल्ली कॉलेज हा वारसा सांगतं. दाराच्या ग्रंथालयात २०२३ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. ते बघायला निवांत वेळ हवा आणि मन घट्ट हवं. विमानाच्या दिवशी ते न बघितलेलंच बरं.

भंडाऱ्याच्या प्रवाशानं इथे यावं याचं आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कितीतरी गुरुजींनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली. चार माणसांत इंग्रजी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची, आणि आता वर्गावर तीच शिकवायची होती. भंडाऱ्यात आणि आसपास शिक्षकांनी स्वतःच 'इंग्लिश टीचर्स क्लब' काढले, त्यांचं मोल अशा वेळी कळतं. वरून कुणाचा हुकूम नाही, प्रवासभत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी किंवा शाळेत जमायचं, आपल्या वर्गातली अडचण सांगायची, चुकतमाकत इंग्रजीत बोलायचं. चहा ज्याच्या घरी त्याचा. भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयातले डॉ. अमोल पदवाड यांनी या क्लबांचं काम लेखांतून बाहेरच्या जगापुढे मांडलं. पुढे 'आयनेट' हे इंग्रजी शिक्षकांचं अखिल भारतीय जाळं उभं राहिलं, त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये नागपुरात झाली आणि ते 'आयटेफल'चं सहयोगी झालं. हेच पदवाड नंतर दिल्लीच्या या आंबेडकर विद्यापीठात इंग्रजी भाषाशिक्षणाच्या केंद्राचे संचालक झाले. शिंद्यांच्या पराभवानंतर रेसिडेंटनं जिथे मुक्काम टाकला, त्याच विद्यापीठाच्या दारातून भंडाऱ्याचा मास्तर आत गेला, इंग्रजी कशी शिकवावी हे सांगायला.

दुपारी मेट्रोनं बाराखंबा रोडला उतरून कस्तुरबा गांधी मार्गावर यावं. १७ नंबरची इमारत ब्रिटिश कौन्सिलची. दर्शनी भिंतीवर काळ्या कडप्प्याचा आणि पांढऱ्या मकराना संगमरवराचा प्रचंड वृक्ष पसरलेला आहे. तो हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराचा. इमारत चार्ल्स कोरिया यांची, म्हणजे मूळच्या गोव्याच्या घरातल्या आणि मुंबईत आयुष्य घालवलेल्या आपल्या माणसाची. ती १९९२ मध्ये पुरी झाली. हिंदूंचा बिंदू, मोगलांची चारबाग आणि युरोपचं विज्ञान अशा तीन कल्पना त्यांनी एका रेषेत ओवल्या आहेत. याच रस्त्यावर २०१३ मध्ये उघडलेलं नवं महाराष्ट्र सदन आहे. लोकरीच्या कोटाला पर्याय तिथेही नाही, पण ओळखीची भाषा कानावर पडते.

संध्याकाळ झाली की प्रवाशाच्या मनात धाकधूक सुरू होते. आपण तिथे काय बोलणार? त्यांचीच भाषा, त्यांचाच देश. आपले उच्चार ऐकून हसतील का? जाताना त्यानं दोन नावं लक्षात ठेवावीत. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी. वाचनातून इंग्रजी शिकवण्याची त्याची पद्धत त्यानं बंगालमधल्या मुलांसाठी, ढाक्यात बसून तयार केली आणि मग ती जगभर गेली. दुसरे एन. एस. प्रभू. व्याकरणाचे नियम घोकवण्याऐवजी मुलांना कोडी, नकाशे, वेळापत्रकं सोडवायला द्यायची आणि त्या ओघात भाषा येऊ द्यायची, हा प्रयोग त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत केला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो, आणि आज परदेशातली प्रशिक्षणाची पुस्तकं त्याच्याशिवाय पुरी होत नाहीत. साठ-सत्तर मुलांचा वर्ग कसा सांभाळायचा, हा प्रश्न लिव्हरपूलच्या मास्तरापुढे येत नाही. भंडाऱ्याच्या मास्तरापुढे तो रोज सकाळी येतो, आणि त्याचं काही ना काही उत्तर तो रोज काढतो. परिषदेत अर्धा तास मिळतो. तो विलायती विद्वानांची नावं घेण्यात घालवणारे प्रतिनिधी पुष्कळ असतात. आपल्या वर्गातली हकीकत सांगणारा असेल, तर चहाच्या वेळी त्याच्याभोवती घोळका जमतो. नेपाळ, आफ्रिका, ब्राझील इथल्या शिक्षकांचे वर्गही असेच भरगच्च असतात आणि त्यांना तेच ऐकायचं असतं.

माहितीपत्रकं थोडी जास्तच न्यावीत. मुलांचे तक्ते सुटकेसमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण सामान एक दिवस उशिरा पोचलं तरी चालतं, तक्ते उशिरा पोचून चालत नाहीत. नवी दिल्ली स्टेशनावरून विमानतळाची मेट्रो थेट तिसऱ्या टर्मिनलला नेते. ती रात्रभर चालत नाही, तेव्हा विमान पहाटेचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ दुपारीच विचारून ठेवावी.