सही सही नाही

माणसाला आयुष्यात एखादे तरी वाक्य अधिकाराने म्हणता यावे. माझे वाक्य आहे, "सही जुळत नाही." नाहूर स्टेशनाजवळच्या आमच्या शाखेत काउंटरवर बसून ते मी 20 वर्षे म्हणत आलो आहे. (घरी कुठलेच वाक्य अधिकाराने म्हणता येत नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.)

गेल्या महिन्यात ते मी एका निवृत्त मास्तरांना ऐकवले. उर्दू शाळेत जन्म गेलेला, मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. वय 80च्या पुढे. बायकोच्या मोतीबिंदूसाठी 40,000 रुपये हवे होते, आणि हात थरथरत होता. संगणकावरच्या नमुन्यात सहीच्या शेवटी एक झोकदार वळण होते. स्लिपवर त्या जागी नुसता ठिपका.

"साहेब," मास्तर म्हणाले, "सही हा शब्द कुठला?"

"आपलाच. मराठी."

"अरबी. सहीह. म्हणजे बरोबर. त्यातला शेवटचा ह वाटेत कुठंतरी सांडला, तरी तुमच्या बँकेत तो खपतो. आणि माझ्या सहीचं शेपूट गळलं तर पैसे अडतात?"

मागच्या रांगेने माना डोलावल्या. रांग ही नेहमी विरोधी पक्षात असते.

मग मास्तर सुटलेच. जकात, कर्ज आणि जुलूम यांतला ज अरबीत तीन वेगळ्या अक्षरांनी लिहितात, उच्चारही वेगवेगळे. मराठीत आल्यावर तिघांचा मिळून एकच ज. (कर्ज आणि जुलूम यांत फरक नाही, हे आमच्या कर्जदारांचेही जुनेच म्हणणे आहे.) रक्म, नक्ल, अक्ल ही शेवटची जोडाक्षरे मराठी जिभेला पेलेनात, तिने क दुप्पट केला, पुढे श्वासापुरता एक अ घेतला आणि रक्कम, नक्कल, अक्कल करून टाकले.

"टक्कलसुद्धा अरबीच का हो?" मी डोक्यावरून हात फिरवत विचारले.

"छे! ते तुमचं स्वकष्टार्जित."

कुफ्लमधल्या फ आणि ल यांनी तर जागाच बदलल्या, वर फचा प झाला, आणि ते आमच्या तिजोरीला कुलूप म्हणून लागले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून असल्या शब्दांना संस्कृत पर्याय काढले, त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. पण जमा, खर्च, वसूल ही मंडळी खुर्ची सोडतील तर शपथ. सरकारी कचेरीत मुरलेली असणार.

"आणि साहेब?" मी जरा ऐटीत विचारले.

"तोही अरबी. साहिब. मूळ अर्थ, सोबती."

ऐट उतरली. नव्या सहीच्या नमुन्याचा अर्ज काढून (अर्जही तिकडचाच) मी काउंटरबाहेर आलो आणि मास्तरांच्या शेजारी बाकावर बसलो. त्यांनी तीन सह्या केल्या. तीन तऱ्हांच्या. मॅनेजरबाईंनी त्या पाहिल्या, मास्तरांच्या हाताकडे पाहिले, आणि खाली आपली सही ठोकली. ती त्यांच्या स्वतःच्या नमुन्याशी अजिबात जुळत नव्हती. पण मी काही बोललो नाही.