टाकीचं झाकण आणि शिशाचा प्रश्न

आपल्या एव्हरग्रीनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून परत जुंपली आहे. एक बाजू म्हणते, हे हौशी वैमानिक आमच्या पोरांच्या डोक्यावर शिसं ओततात. दुसरी म्हणते, शिसंबिसं सगळं निमित्त, काउंटीचा डोळा त्या जमिनीवर आहे. दोन्हीकडून मलाच टॅग केलं गेलं, कारण ग्रुपात स्वतः बांधलेलं विमान बाळगणारा मी एकटा. त्यात एका ताईंनी सरळ विचारलं, "दादा, तुमच्या विमानातून किती शिसं पडतं ते सांगा ना." प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सॲपवर मावणार नाही म्हणून इथे लिहितोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी हिशोब. पिस्टन इंजिनच्या विमानांना लागणारं निळं पेट्रोल, म्हणजे १०० एलएल, यात गॅलनमागे जास्तीत जास्त २ ग्रॅमच्या थोडं वर शिसं असू शकतं. 'एलएल' म्हणजे 'लो लेड', पण हे 'लो' जुन्या पेट्रोलच्या मानाने. माझं दोन सीटचं विमान तासाला साधारण ७ गॅलन पितं. म्हणजे हे पेट्रोल भरलं तर तासाला जवळजवळ १४ ग्रॅम. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं इथे १९९६ सालीच पूर्ण गेलं. आज अमेरिकेच्या हवेत मिसळणाऱ्या शिशापैकी सुमारे ७० टक्के या छोट्या विमानांचं आहे, असं पर्यावरण खात्याचाच आकडा सांगतो. २०२१ साली काउंटीने केलेल्या अभ्यासात विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त आढळलं. ईस्टरिज मॉलच्या मागच्या गल्ल्यांत कोण राहतं हे आपल्याला माहीत आहे. त्यातल्या फार थोड्या घरांत वैमानिक आहेत.

तेव्हा शिसं गेलंच पाहिजे, यात मला वाद नाही. काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून इथली १०० एलएलची विक्री बंद केली. माझं इंजिन जुन्या धाटणीचं, १५० हॉर्सपॉवरचं, कमी ऑक्टेनवर भागणारं आहे. मी तेव्हापासून बिनशिशाचं यूएल ९४ भरतो. म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं आजचं उत्तर शून्य.

पण भांडण इथे संपत नाही, कारण सगळ्यांची इंजिनं माझ्यासारखी नाहीत. जास्त कॉम्प्रेशनच्या मोठ्या इंजिनांना १०० ऑक्टेनच लागतं, आणि एकूण विमानांत ती थोडी असली तरी बहुतेक इंधन तीच जाळतात. त्यांच्यासाठी जी-१०० यूएल नावाचं बिनशिशाचं इंधन आलं. एफएएने २०२२ साली त्याला मान्यता दिली, २०२४च्या अखेरीस आपल्या रीड-हिलव्ह्यूला ते मिळू लागलं. काही महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या: पंखावरचा रंग उतरला, टाकीचं सीलंट सुटलं, गळती लागली. इंधन बनवणारे म्हणतात, दोष जुन्या रंगाचा आणि आधीच संपलेल्या सीलंटचा. विमानवाले म्हणतात, काल गळत नव्हतं, आज गळतंय. वॉटसनविल विमानतळाने २०२५ मध्ये ते विकणं थांबवलं.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "रंग गेला तर गेला, पोरांच्या मेंदूपेक्षा महाग आहे का?" रंगाचं म्हणाल तर बरोबर. सीलंटचं मात्र तसं नाही, आणि ते कळायला विमानाची टाकी म्हणजे काय ते बघावं लागेल.

माझ्या आरव्ही-९ए जातीच्या विमानात वेगळी टाकी नाहीच. पंखाचा पुढचा गोलसर भाग हीच टाकी. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत फासळ्या, मागे एक पडदा, आणि हे सगळं शेकडो रिव्हेटांनी शिवलेलं. दोन्ही पंखांत मिळून ३६ गॅलन, म्हणजे १३६ लिटर. पत्र्याला पत्रा रिव्हेटने जोडला की फट राहतेच. ती बुजवायला पॉलिसल्फाइडचं सीलंट लागतं. पांढरी लापशी आणि काळा डांबरासारखा घट्ट रस दहास एक या वजनात कालवायचा, आणि तो आवळायच्या आत, दोनेक तासांत, प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याला आणि प्रत्येक सांध्याला लावून मोकळं व्हायचं. वास सडक्या अंड्याचा. ते हाताला लागलं की दाराच्या कडीला, फ्रीजच्या मुठीला, मोबाइलला, सगळीकडे लागतं. त्या दोन महिन्यांत गॅरेजमधून घरात यायच्या आधी कपडे बदलायची सक्ती होती, आणि ती करणारीचं काही चुकत नव्हतं.

टाकी बंद केली की परीक्षा. आपला पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो, तोच प्रकार. फरक एवढाच की पंख घमेल्यात मावत नाही. म्हणून एका तोंडाला साधा वाढदिवसाचा फुगा बांधायचा, सायकलच्या पंपाने हळू हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. काँप्रेसर चुकूनही लावायचा नाही, चौरस इंचाला एक पौंडाच्या वर दाब गेला तर पत्रा फुगून शिवण उसवते. फुग्यामुळे दाब आपोआप बेतात राहतो. मग रात्रभर ठेवायचं. सकाळी फुगा लहान झालेला दिसला की पोटात गोळा येतो, पण आधी थर्मामीटर बघावा. गॅरेज गार झालं की फुगा आक्रसतो आणि दुपारी पुन्हा गरगरीत होतो.

आता हे सीलंट सुटलं तर काय होतं? बाहेर गळलं तर निदान दिसतं. पत्र्यावर डाग येतो, वास येतो. आतल्या आत सुटलं तर तुकडे तरंगत इंधनाच्या जाळीवर जाऊन बसतात. पूर्वी लोक जास्तीची खबरदारी म्हणून टाकीत एक पातळ रसायन ओतून हलवून आतून अस्तर द्यायचे. काही वर्षांनी ती अस्तरं साय निघावी तशी निघाली आणि जाळ्या तुंबल्या. गाडीचा फिल्टर तुंबला तर आपण २८० वर कडेला थांबतो. वर कडेला थांबायची सोय नाही, आणि खाली एव्हरग्रीनची घरं, शाळा, मॉल आहेत. म्हणून सीलंटचा प्रश्न हा फक्त वैमानिकाच्या खिशाचा नाही.

झाकणाचंही तसंच आहे, आणि त्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. माझं झाकण पंखाच्या वरच्या अंगाला, पत्र्याशी सपाट बसणारं. कडेला एक मोठी ओ-रिंग. मधल्या दांड्यावर एक करंगळीएवढी छोटी ओ-रिंग, जी बदलायची बहुतेकांच्या ध्यानातच नसते. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टीऐवजी कडेने वाफ जाते ना, तसंच या रबराचं होतं. फक्त इथे गोष्ट दोन दिशांनी बिघडते. जमिनीवर पाऊस पडला की सपाट झाकणाच्या खळग्यात पाणी साचतं आणि दांड्याजवळून टाकीत उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि घोटभर पाणीसुद्धा इंजिन बंद पाडू शकतं. हवेत गेल्यावर पंखाच्या वर दाब कमी असतो, तेव्हा सैल झाकण पेट्रोल वर ओढून मागे उधळून देतं. टाकी अशी रिकामी होताना काटा सोडून कुणी सांगत नाही, आणि आमच्या काट्यांवर विश्वास ठेवणारे वैमानिक फारसे नाहीत. लाकडी पट्टी बुडवून बघतो ती खरी.

मी दोन्ही झाकणं गेल्या हिवाळ्यात उतरवली. नायट्राइलच्या रिंगा नखाने दाबल्या तर दबत नव्हत्या, काढताना एक तुकडे होऊन आली. त्या जागी फ्लोरोसिलिकोनच्या टाकल्या. थंडीत मऊ राहतात, इंधनात कमी फुगतात, आणि किंमत चार कॉफींएवढी. खालच्या नटने ताण असा बसवला की खटका अंगठ्याने बसावा, पण सहज नाही. जुन्यातली एक रिंग काचेच्या बाटलीत, पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये महिनाभर ठेवून बघितली. आपल्याकडच्या पंपावर १० टक्के इथेनॉल असतंच. रिंग आधी फुगली, आणि बाहेर काढून वाळवल्यावर मूळ मापापेक्षाही लहान झाली. व्हर्नियर लावून मोजलं. बाटली अजून शेल्फवर आहे, कुणाला बघायची असेल तर.

हे सांगताना सांगलीचा माझा भाऊ आठवतो. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, मूळ ठरवलेल्या २०३० च्या कितीतरी आधी. आमच्याकडे ऊस आहे, कारखाने आहेत, शेतकऱ्याला पैसे मिळतात, तेल आयात कमी होते, हे सगळं खरं. पण त्याच्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीत गंज आणि झाकणाच्या रबराला चिरा, याचा खर्च धोरण आखणाऱ्यांच्या हिशोबात कुठे धरलेला त्याला सापडला नाही. तिथे ऊस आहे आणि इथे शिसं आहे, तरी नवीन इंधन जुन्या टाकीत ओतायचं आणि टाकीचं काय ते मालकाने बघायचं, ही रीत सारखीच.

आमच्या घरबांधणीच्या विमानांचं तर आणखी वेगळं. निम्म्याहून जास्त काम हौसेने स्वतः केलं की एफएए विमानाला 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून मान्यता देते, आणि बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी करायचं प्रमाणपत्र मिळू शकतं. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना उडायच्या परवानगीसाठी २०१९ उजाडावं लागलं. इथे तो रस्ता सोपा आहे हे मान्यच करतो. पण त्या सोपेपणात एक मेख आहे. कुठलं इंधन, कुठलं सीलंट, कुठली रिंग, हे मीच ठरवायचं, आणि दोन घरी बांधलेली विमानं आतून कधीच सारखी नसतात. नव्या इंधनाच्या मान्यतेचे कागद आमच्या टाक्यांबद्दल काही सांगत नाहीत.

यूएल ९४ सुद्धा निर्धोक म्हणून सुटत नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली शिकाऊ विमानं त्यावर नेली आणि चार महिन्यांत पुन्हा १०० एलएलवर आणली, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना दिसल्या. त्यामुळे मीही दर तपासणीला व्हॉल्व्ह बघतो. आतापर्यंत माप जागेवर आहे.

कॅलिफोर्नियाने २०३१ पासून शिशाच्या विमान-पेट्रोलची विक्री बंद करायचा कायदा केला आहे. तारीख चांगली आहे, लांबवू नये. पण त्याआधी काउंटीने दोन गोष्टी कराव्यात असं माझं म्हणणं आहे. नवं इंधन पंपावर आणण्याआधी विमानतळावरच्या खऱ्या, जुन्या टाक्यांमधले सीलंट आणि रबराचे नमुने त्यात बुडवून ठेवावेत आणि निकाल सगळ्यांसमोर मांडावेत. त्याला लागतात काचेच्या बरण्या आणि सहा महिने, कोट्यवधी नव्हे. आणि ज्यांना टाक्या उघडून पुन्हा सील कराव्या लागतील त्यांना खर्चात हातभार लावावा. नाहीतर लोक गपचूप दुसऱ्या विमानतळावर जाऊन निळं भरून येतात, आणि शिसं पुन्हा ईस्टरिजवरच पडतं. हे आजही होतं, आमच्या हँगरच्या रांगेत कुणालाही विचारा.

जमिनीवर डोळा आहे का? काउंटीला २०३१ नंतर विमानतळ बंद करायचा आहे हे काही गुपित नाही, ठराव झालेले आहेत. त्यावर वेगळं भांडू, मीही भांडेन. पण म्हणून रक्तातलं शिसं खोटं ठरत नाही.

येत्या शनिवारी सकाळी नऊला उजव्या पंखाची टाकी मागच्या झडपेतून उघडतोय, आत आरसा आणि टॉर्च घालून सांधे बघायचे आहेत. ताई, तुम्ही आणि ग्रुपातलं आणखी कुणी येणार असाल तर फाटकाचा कोड मेसेजवर विचारा. मुलांना आणलं तर चालेल, फक्त टाकीपासून लांब उभं करू. आणि चांगले कपडे घालून येऊ नका, ते काळं कशानेही निघत नाही.