चार समभागांचा मालक

‘समभाग’ हा शब्द आपल्या भाषेत सुबक घडला आहे. त्यातील ‘सम’ या अक्षरांत एक आश्वासन दडलेले आहे : कोट्यधीशाच्या एका समभागाला जेवढा अधिकार, तेवढाच पिंपरीच्या निवृत्त कामगाराच्या एका समभागाला. व्यवहारात मात्र कोट्यधीशाकडे असे समभाग लाखांनी असतात आणि आपल्याकडे चार. मतमोजणीत आपला पराभव ठरलेलाच. मग चार समभागांच्या मालकाने वार्षिक सभेला जावे तरी कशाला, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारला. त्यांनी समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीत थोडी पुंजी गुंतवली होती. या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हाला वाटले.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण या पट्ट्यातील आपली कुटुंबे कारखान्याच्या भोंग्यावर वाढली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठीच्या दशकात टेल्को आणि बजाज यांची उभारणी सुरू झाली. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, गोव्यातून, केरळातून माणसे आली, पाळ्यांत राबली आणि निवृत्त झाली. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पूर्वी टपाल कार्यालयात किंवा बँकेत ठेवली जाई. आता तिचा काही हिस्सा डिमॅट खात्यात जातो. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रावर काम केले, ते अशा रीतीने कागदोपत्री का होईना, मालक झाले. परंतु मालकीची सवय काही एका दिवसात अंगी येत नाही. साहेबासमोर बोलू नये, ही जुनी सवयच सभेतही आपल्यासोबत येते.

खरे तर कामगाराला प्रश्नाचे मोल इतरांहून अधिक ठाऊक असते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग तपासनीसाच्या टेबलावर जातो. तो मायक्रोमीटर लावतो, माप चुकले तर भाग बाजूला काढतो. त्यात यंत्र चालवणाऱ्याचा अपमान नसतो. तपासणी हा कामाचाच एक भाग असतो. कंपनीचे व्यवस्थापन वर्षातून एकदा भागधारकांसमोर उभे राहते, तेही याच न्यायाने. कायद्याने वार्षिक सर्वसाधारण सभा बंधनकारक आहे आणि तिची सूचना एकवीस दिवस आधी देण्याचा नियम आहे. शुभवर्तमानातील मालक कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो, ही कथा आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकली आहे. ती ऐकताना आपण स्वतःला नेहमी कारभाऱ्याच्या जागी कल्पितो. समभागाच्या व्यवहारात मात्र मालकाची जागा आपली आहे.

तेलशोधाच्या धंद्यात या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. स्कूटर बनवणाऱ्या कारखान्याचे उत्पादन फाटकाबाहेर पडताना मोजता येते. तेल शोधणाऱ्या कंपनीची संपत्ती समुद्रतळाखाली, खडकांच्या थरांत असते. ती कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नसते. लहरी सोडून खडकांचे चित्र काढायचे, मग कोट्यवधी रुपये खर्चून विहीर खोदायची आणि ती कोरडी निघाली तर तो खर्च सोडून द्यायचा, असा हा व्यवसाय. साठा किती आहे, हे तज्ज्ञांच्या अनुमानावर ठरते. म्हणून भागधारकाच्या हाती प्रत्यक्षात जे येते, ते व्यवस्थापनाचे शब्द. या शब्दांची किंमत किती, हे जगाने २००४ साली पाहिले. शेल या बलाढ्य कंपनीने त्या वर्षीच्या जानेवारीत आपल्या ‘सिद्ध’ साठ्यातून सुमारे ३९० कोटी पिंपे, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश भाग, वगळल्याचे जाहीर केले. दोन महिन्यांत तिच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

आपल्या देशातील उदाहरण पाहू. हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन ही खाजगी क्षेत्रातील तेलशोध कंपनी १९८३ साली स्थापन झाली. गृहकर्जाची संस्था उभारणारे ह. ठा. पारेख हे तिचे प्रवर्तक. कावेरी खोऱ्याच्या समुद्रातील पीवाय-१ या क्षेत्रातून २००९ च्या अखेरीस वायू वाहू लागला. परंतु अपेक्षेइतका वायू हाती आला नाही. साठ्याचा अंदाज खाली आणावा लागला आणि हिशेबाच्या वह्यांतून मोठी रक्कम वजा करावी लागली. पुढे याच कंपनीने मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रातील बी-८० हे छोटे क्षेत्र घेतले. २०१७ साली करार झाला, तेल आले ते २०२२ साली. मधल्या काळात महासाथ आली, पावसाळ्यात समुद्रावर काम थांबते, ही कारणे खरी आहेत. पण कारण सांगणे हे कारभाऱ्याचे काम आणि ते तपासणे हे मालकाचे. मूळ अंदाज कोणी केला होता, तो कशावर आधारलेला होता, पूर्वीच्या अनुभवातून यावेळी काय बदलले, हे विचारण्यात शत्रुत्व कसले?

मुंबईच्या समुद्राशी आपला संबंध तर अधिक जवळचा. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने बॉम्बे हायचे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तो देशाच्या अभिमानाचा दिवस होता. त्याच क्षेत्रात २७ जुलै २००५ रोजी एक जहाज फलाटावर आदळले, आग लागली आणि २२ माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही बार्ज बुडाली. त्या बार्जवरील आणि ‘वरप्रदा’ या टगवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे परतली नाहीत. ती ठेकेदारांकडची माणसे होती, कोणाच्या तरी घरची मुले होती. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे निम्म्याहून अधिक समभाग केंद्र सरकारकडे आहेत, त्यामुळे लहान भागधारकाच्या मताने तेथे काही उलटणार नाही. परंतु वादळाची सूचना मिळाल्यावर बार्ज माघारी आणण्याचा निर्णय कोणाच्या हाती असतो, हे तो विचारू शकतो. मत मोजले जाते आणि हरते. प्रश्न मात्र अध्यक्षांना ऐकावा लागतो.

हे आम्ही केवळ कल्पनेने लिहीत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सिस्टर पॅट्रिशिया डेली नावाच्या डॉमिनिकन धर्मभगिनी होत्या. त्यांच्या संघाकडे मोठ्या कंपन्यांचे थोडे समभाग होते. १९९८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सभेत त्यांनी हडसन नदीच्या प्रदूषणाविषयी अध्यक्ष जॅक वेल्च यांना उभे राहून विचारले. अध्यक्ष चिडले, सिस्टर शांत राहिल्या. एक्सॉन या तेलकंपनीच्या सभांत त्या वर्षानुवर्षे हवामानबदलाचा विषय काढीत राहिल्या आणि बहुतेक वेळा मतमोजणीत हरल्या. अखेर २०१७ साली, इतर मोठ्या गुंतवणूकदारांनी मांडलेला याच विषयावरील ठराव व्यवस्थापनाचा विरोध असताना सुमारे ६२ टक्के मतांनी संमत झाला. त्यात चर्च ऑफ इंग्लंडचे विश्वस्तही होते. सिस्टर २०२२ साली निवर्तल्या.

आपल्याकडच्या सभांचे चित्र वाचकांना ठाऊक आहे. कोणी अध्यक्षांवर रचलेली कविता वाचतो, कोणी कारखान्याच्या सहलीची मागणी करतो, कोणी अल्पोपाहाराची प्रशंसा करतो. उरलेल्या वेळात भाव का पडला, एवढीच तक्रार. भाव बाजार ठरवतो; त्याचे उत्तर अध्यक्षांकडे क्वचितच असते. ज्याचे उत्तर त्यांच्याकडे असायलाच हवे, ते विचारावे. गेल्या अहवालात कबूल केलेल्यांपैकी किती विहिरी खोदल्या? किती कोरड्या निघाल्या? खर्च अंदाजाच्या किती पुढे गेला? साठ्याचे अनुमान बाहेरच्या तज्ज्ञाने तपासले काय? आणि समुद्रावर काम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला कायम कामगाराइतकेच संरक्षण आहे काय?

पूर्वी परगावच्या सभेला जाणे आपल्या माणसाला परवडत नसे. २०२० पासून दूरदृश्य पद्धतीने सभा घेण्याची मुभा मिळाली आणि आधी नाव नोंदवून घरबसल्या बोलण्याची सोय अनेक कंपन्यांनी केली. आता अडचण अंतराची नाही, संकोचाची आहे.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचवले : लाभांशाचा आकडा पाहून झाल्यावर वार्षिक अहवाल मिटू नका. पुढची पाने वाचा, मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा आणि जेथे दोन वर्षांचे शब्द जुळत नाहीत, तेथे पेन्सिलीने खूण करा. माप घेणे तुम्हाला आम्ही शिकवायला नको.